बाहेरून येणारे लोक, रोजगार आणि आर्थिक वाढ : अमेरिकेचा अनुभव

आपल्या मंडळातील अनेक घरांतले कोणी ना कोणी आज अमेरिकेत आहे किंवा जाण्याच्या तयारीत आहे. तिथे निवडणूक जवळ आली की 'बाहेरचे येतात आणि आमच्या नोकऱ्या घेतात' हे वाक्य ऐकू येते आणि इथे आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. आपल्या देशातही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्यांबद्दल हेच बोलले जाते, आणि कधी कधी बोलणारे आपणच असतो. या म्हणण्यात तथ्य किती, हे अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी अनेक वर्षे तपासले आहे. त्याचा हा आढावा.

मूळ समजूत

देशात नोकऱ्या ठरावीक संख्येने असतात, त्यामुळे एक नवा माणूस आला की एक जुना बाहेर पडतो, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते. आलेला माणूस काम करतो, तसा घर भाड्याने घेतो, किराणा भरतो, केस कापून घेतो, मुलांना शाळेत घालतो. त्या खर्चातून दुसऱ्यांना काम मिळते. कामगार उपलब्ध आहेत हे पाहून उद्योजकही नवे कारखाने आणि दुकाने काढतात. शिवाय स्थानिक आणि बाहेरचा माणूस बरेचदा एकच काम करत नाहीत. भाषा कच्ची असलेला नवखा अंगमेहनतीच्या कामाला लागतो, तर स्थानिक माणूस ग्राहकांशी बोलण्याच्या, देखरेखीच्या कामाकडे सरकतो.

याचा अर्थ कोणाचेच नुकसान होत नाही, असा नाही. ज्याचे काम नव्याने आलेल्याच्या कामासारखेच आहे, त्याला स्पर्धा जाणवते. म्हणून 'परिणाम होतो का?' यापेक्षा 'कोणावर, किती आणि किती काळ?' हा प्रश्न अधिक योग्य ठरतो.

मायामी, १९८०

एप्रिल १९८० मध्ये क्यूबाच्या सरकारने मारिएल बंदरातून देश सोडण्याची मुभा दिली. काही महिन्यांत सुमारे १ लाख २५ हजार लोक बोटींतून फ्लोरिडात उतरले. त्यांतील जवळजवळ निम्मे मायामीत राहिले आणि शहरातील कामगारांची संख्या एकदम सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. बहुतेकांचे शिक्षण कमी होते.

अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजलिस आणि टँपा या शहरांशी केली. मायामीतील कमी कौशल्याच्या स्थानिक कामगारांची मजुरी घसरल्याचे किंवा त्यांच्यातील बेकारी या लोंढ्यामुळे वाढल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, त्यात रोजगारावरील अशा कामाचा मोठा वाटा होता.

पुढे जॉर्ज बोर्हास यांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली. शालेय शिक्षण पूर्ण न केलेल्या, हिस्पॅनिक नसलेल्या पुरुषांची मजुरी १० ते ३० टक्क्यांनी घसरली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर इतरांनी आक्षेप घेतले. हा गट फार लहान होता आणि त्याच सुमारास पाहणीतील कृष्णवर्णीय पुरुषांचे प्रमाण वाढले होते. त्यांची सरासरी मजुरी आधीपासूनच कमी असल्याने आकडे खाली आले, असे त्यांचे म्हणणे. वाद अजून मिटलेला नाही. पण दोन्ही बाजू सर्वांत कमी शिकलेल्या कामगाराभोवतीच फिरतात, हे लक्षात घ्यावे. आणखी एक गंमत अशी, की कार्ड मूळचे कॅनडाचे आणि बोर्हास लहानपणी क्यूबातून आलेले, म्हणजे वाद घालणारे दोघेही बाहेरूनच आलेले!

माणसे परत पाठवली तर?

याच प्रश्नाची उलटी बाजू ब्रासेरो योजनेत दिसते. दुसऱ्या महायुद्धात मजुरांची टंचाई झाल्यामुळे १९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून हंगामी शेतमजूर आणण्यास सुरुवात केली. या मजुरांमुळे स्थानिकांची मजुरी दबते, असा आक्षेप होता. म्हणून १९६४ च्या अखेरीस योजना बंद झाली.

मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या निर्णयाचा परिणाम पाहिला. ज्या राज्यांत मेक्सिकन मजूर भरपूर होते, तिथे ते गेल्यावर स्थानिक शेतमजुरांची मजुरी इतर राज्यांपेक्षा वेगाने वाढली नाही. शेतकऱ्यांनी जिथे जमले तिथे यंत्रे आणली. कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडणीचे यंत्र आणि त्याला चालेल असे टिकाऊ सालीचे वाण आधीच तयार होते, त्यांचा वापर काही वर्षांत झपाट्याने पसरला. जिथे यंत्र चालत नव्हते, तिथे काही पिकेच कमी घेतली गेली. रिकामी झालेली जागा स्थानिकाला मिळेलच असे नाही, हा यातला धडा.

उच्चशिक्षितांचे काय?

आपल्या मुलांचा संबंध येतो तो एच-१बी व्हिसाशी. तो १९९० च्या कायद्याने सुरू झाला. खासगी कंपन्यांसाठी वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. मंजूर अर्जांपैकी जवळपास ७० टक्के भारतीयांचे असतात. मागणी जास्त असल्याने निवड सोडतीने होत आली आहे.

या लोकांमुळे संशोधन आणि पेटंटे वाढतात, असे काही अभ्यास सांगतात. काही कंपन्या स्वस्तात माणूस मिळवण्यासाठी याचा वापर करतात, हा आक्षेपही निराधार नाही. मोठी अडचण नियमांतच आहे. कामगाराचा व्हिसा कंपनीशी बांधलेला असल्याने त्याला पगारासाठी भांडणे अवघड जाते, आणि त्याची झळ शेजारच्या स्थानिक कर्मचाऱ्यालाही बसते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण ७ टक्क्यांपुरता मर्यादित असल्यामुळे भारतीयांची प्रतीक्षा दशकांवर गेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर झाले. मुलांना पाठवताना कर्जाचा हिशेब करणाऱ्या घरांनी हे सारे विचारात घ्यायला हवे.

देशाची वाढ आणि तिजोरी

काम करणारे हात वाढले की देशाचे एकूण उत्पन्न वाढते, यावर फारसा वाद नाही. अमेरिकी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२४ मध्ये अंदाज दिला होता, की तेव्हाच्या वाढीव स्थलांतरामुळे २०२४ ते २०३४ या काळात एकूण उत्पन्नात ८.९ लाख कोटी डॉलरची भर पडेल. पण एकूण उत्पन्न आणि दरडोई उत्पन्न वेगळे. माणसेही वाढतात, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारी वाढ बरीच कमी असते. वृद्ध वाढत असलेल्या आणि जन्मदर घटलेल्या समाजात मात्र तरुण कामगारांचे मोल अधिक असते.

तिजोरीबाबत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २०१६ चा अहवाल महत्त्वाचा आहे. पहिल्या पिढीचा बोजा, विशेषतः मुलांच्या शिक्षणाचा, राज्य आणि स्थानिक सरकारांवर पडतो. तीच मुले मोठी होऊन कर भरू लागली, की सर्वाधिक भर घालणाऱ्यांत गणली जातात. स्थानिकांच्या एकूण मजुरीवर दीर्घकाळात फारच थोडा परिणाम होतो, आणि झळ बसलीच तर ती आधी आलेल्या स्थलांतरितांना व अल्पशिक्षितांना बसते, असेही त्यात म्हटले आहे.

थोडक्यात

• नोकऱ्यांची संख्या ठरावीक नसते. येणारा माणूस काम घेतो आणि निर्माणही करतो.
• फायदा सगळ्यांत थोडा थोडा वाटला जातो, तोटा मात्र थोड्या लोकांवर पडतो. त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि आधार लागतो.
• माणसे हटवल्याने मजुरी आपोआप वाढत नाही.
• लाभ दिसायला एक पिढी जावी लागते.

शेवटचा मुद्दा आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. मराठी माणूस गायकवाडांबरोबर बडोद्यात, होळकरांबरोबर इंदुरात आणि शिंद्यांबरोबर ग्वाल्हेरीत आला, तेव्हा तोही बाहेरचाच होता. आज आपल्या गल्लीत कामासाठी आलेल्या मजुराबद्दल बोलताना आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मुलाबद्दल तिथले लोक काय बोलतात ते ऐकताना, माप एकच वापरावे.