रुपयावरचे बेलपान

इंदूरकडच्या बऱ्याच मराठी घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकात दोन-चार जुने चांदीचे रुपये असतात. जाड, ओबडधोबड, धड गोलही नाहीत. त्यांवर फारसी अक्षरे दिसली की घरातले कुणीतरी सांगून टाकते, "मोगलांचे आहेत." झालं, विषय संपला! फारसी जाणणाऱ्याला दाखवावे तर तोही नाव वाचतो ते शाह आलम बादशहाचे. आणि तरीही पुष्कळदा तो रुपया मोगलांचा नसतो, होळकरांचा असतो.

हा काय घोटाळा? दुसरा शाह आलम 1759 ते 1806 दिल्लीचा बादशहा होता. 1788 मध्ये गुलाम कादिराने त्याचे डोळे काढले. त्याची सत्ता दिल्लीबाहेर फारशी उरली नव्हती, पण त्याच्या नावाच्या रुपयावर बाजाराचा विश्वास होता. आणि विश्वासावरच नाणे चालते. म्हणून मराठे सरदार, इतर संस्थानिक, इतकेच काय ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा त्याच्या नावाने रुपये पाडत होती. इंदुरात तर दुसऱ्या तुकोजीरावांच्या कारकिर्दीतही (1844 ते 1886) शाह आलमच्या नावाचे रुपये निघाले. बादशहा जाऊन कित्येक दशके लोटली होती!

मग नाणे कुणाचे, हे ओळखायचे कसे? मोठ्या अक्षरांवरून नाही. ओळखायचे ते अक्षरांच्या मधे दडलेल्या बारक्या खुणेवरून. किरणे फुटलेला सूर्याचा चेहरा दिसला आणि टांकसाळीचे नाव 'मल्हारनगर' असले, तर तो इंदूरचा रुपया. शिवलिंग आणि शेजारी बेलाचे पान असले, तर तो महेश्वरचा.

हे बेलपान मला फार मोलाचे वाटते. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 महेश्वरहून राज्य केले. नाण्यावर ना त्यांची तसबीर, ना त्यांचे नाव. हुकमांवरसुद्धा स्वतःच्या नावाऐवजी 'श्रीशंकर' लिहिले जाई. राज्य शंकराचे, आपण फक्त कारभार पाहतो, ही त्यांची भावना. रुपयावर तीच भावना बेलपान होऊन बसली. आणि गंमत बघा, फारसीचे एक अक्षर न येणाऱ्या बाजारातल्या बाईलाही तीन पानांचे ते बेलाचे डहाळे ओळखू येत असणार. बादशहाचे नाव वाचायला मुनशी लागे, बाईंची खूण ओळखायला कुणीच लागत नव्हते.

ही ओळख म्हणजे नुसती हौस नव्हती. त्या काळी गावोगावच्या रुपयांच्या वजनात आणि कसात फरक असे. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ खूण बघे, वजन करी, दगडावर टाकून आवाज ऐके आणि मग बट्टा कापून घेई. म्हणून देण्याघेण्याच्या कागदात नुसते 'रुपये' लिहून भागत नसे. अंकुशी की चांदवडी की हाली शिक्का, हे लिहावे लागे. अंकुशी म्हणजे अंकुशाची खूण असलेला, चांदवडी म्हणजे नाशिककडच्या चांदवडच्या टांकसाळीतला. ज्याला खूण कळे तो बट्ट्यात फसत नसे. ज्याला कळत नसे, त्याच्या कापसाचे, धान्याचे चार पैसे कमीच हाती येत. आमच्या जैन समाजात सराफीचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा. त्या पारखीचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्याच बट्ट्यावर कित्येक घरांचे माळे चढले, हेही विसरू नये.

बाकीच्या संस्थानांच्या खुणाही अशाच बोलक्या. बडोद्याच्या जुन्या रुपयावर वाकडी तलवार आणि देवनागरी अक्षरे असतात: गणपतरावांचे 'ग', खंडेरावांचे 'ख'. गायकवाडांचा किताबच 'सेना खासखेल समशेर बहादूर', तेव्हा तलवार आलीच. हैदराबादच्या पुढच्या काळातल्या नाण्यांवर चारमिनार आहे. त्याच्या कमानीत नीट बघा, एक उर्दू अक्षर बसलेले दिसेल. 'मीम' असेल तर मीर महबूब अली खान, 'ऐन' असेल तर मीर उस्मान अली खान.

आता घरातला रुपया बघताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टांकसाळीची खूण ठशातच कोरलेली असते, म्हणून ती नाण्यावर उठून दिसते, बोटाला लागते. खूण खोल रुतलेली असेल, खिळा ठोकल्यासारखी, तर ती टांकसाळीची नव्हे. ती सराफाने पारख करताना मारलेली. दुसरे म्हणजे, ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा. त्यामुळे घण बसला की निम्मी अक्षरे बाहेर राहून जात. एका रुपयावर सूर्य अर्धा दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. आणि माळेत ओवायला कडी डागलेली असेल, तर नेमकी खूण त्या डागाखाली गेली असण्याचा संभव असतो.

1835 मध्ये कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा, एकाच कसाचा रुपया काढला आणि हळूहळू बट्ट्याचा धंदा मावळला. खुणा मात्र गेल्या नाहीत. आजही पर्समधले नाणे काढून सालाखाली बघा: चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता.

जुन्या रुपयांचे खरे शत्रू दोन. एक आपला घासणीचा हात, दुसरी सोनाराची मूस. चिंच, राख, रांगोळी लावून दर दिवाळीला घासले की चांदी लखलखते, पण बेलपान झिजते. आणि पैंजणासाठी वितळवले की चांदी तोळाभरच्या तोळाभर राहते, अहिल्याबाईंच्या राज्याची एक साक्ष मात्र कायमची पुसली जाते. तेव्हा रुपया नुसत्या पाण्याने धुवावा, मऊ फडक्याने टिपावा. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: वजन किती, खूण कोणती, कुणाच्या माहेरून किंवा सासरहून आला. पुढच्या पिढीला फारसी येणार नाही, कदाचित मोडीही नाही. आपल्या हातची चार ओळींची मराठी चिठ्ठी तिला नक्की वाचता येईल.