परक्या अंगणातला पहारा

वेबवरचा फॉर्म दोनदा तपासावा लागतो: आधी ब्राउझरमध्ये, मग सर्व्हरवर. नव्या प्रोग्रामरला ही दुहेरी हमाली वाटते. पण या तपासण्या कोणत्या गरजेतून आल्या ते पाहिलं, की दोघींची कामं मुळातच निराळी असल्याचं ध्यानात येतं. १९९३ साली अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत फॉर्म सर्व्हरवरच्या प्रोग्रामकडे सोपवण्याची सीजीआय ही पद्धत आखली गेली, तेव्हा तपासायची जागा एकच होती, ती म्हणजे सर्व्हर. एक रकाना रिकामा राहिला तरी अख्खा फॉर्म मोडेमवरून तिकडे जायचा, तिथली स्क्रिप्ट तो वाचायची आणि चूक सांगणारं पान त्याच संथ वाटेनं परत यायचं. डिसेंबर १९९५मध्ये नेटस्केप आणि सन या कंपन्यांनी जावास्क्रिप्ट जाहीर केली आणि हा हेलपाटा टळू लागला. ‘सबमिट’ दाबताच एक छोटी चौकट उघडून ‘ईमेल लिहायचा राहिला’ असं जागच्या जागी सांगू लागली. म्हणजे ब्राउझरमधली तपासणी आली ती वेळ वाचवायला.

पुढे तिलाच राखणदार समजल्यानं घोटाळा झाला. त्या काळच्या कित्येक ऑनलाइन दुकानांत वस्तूची किंमत फॉर्ममधल्याच एका लपवलेल्या रकान्यात असे. लपवलेला म्हणजे पडद्यावर न दिसणारा, एवढंच. पान आपल्या संगणकावर साठवायचं, नोटपॅडमध्ये उघडून १००चे १० करायचे आणि तिथूनच फॉर्म पाठवायचा. सर्व्हर बिनदिक्कत दहाचं बिल करी. डिसेंबर १९९८मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात रेन फॉरेस्ट पपी या टोपणनावाच्या लेखकानं तर फॉर्मच्या मजकुरातून थेट डेटाबेसला हुकूम कसे सोडता येतात ते दाखवलं. वेबच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेनं २००३ साली वेबवरच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढली, तेव्हा पहिला मान न तपासलेल्या इनपुटला मिळाला. या साऱ्यांमागचं गृहीत एकच होतं: समोरून येईल ते आपल्याच फॉर्ममधून, आपल्याच नियमांनी आलेलं असेल. ब्राउझर मात्र ग्राहकाच्या संगणकावर चालतो, आणि तिथं बसवलेला पहारेकरी घरमालक कधीही उठवून लावू शकतो.

यावर कुणी म्हणेल, २०१४मध्ये एचटीएमएल ५ प्रमाण ठरलं, तपासणी ब्राउझरच्या अंगीच आली. आता तरी भरवसा ठेवावा. पण कर्लसारखं साधन ब्राउझरला वगळूनच विनंती पाठवतं. तिथं रकान्यावर ‘रिक्वायर्ड’, म्हणजे भरणं सक्तीचं, असं लिहिलेलं वाचायला कुणी नसतं. मग ब्राउझरमधली तपासणी काढूनच टाकावी? तेही नको, लांबलचक अर्ज भरणाऱ्याला पिनकोडचा एक आकडा कमी पडल्याचं तिथल्या तिथं कळणं आजही सोयीचं आहे. एकच नियम दोन ठिकाणी लिहिला की पुढे त्यांत तफावत पडते, हा आक्षेप मात्र खरा. २००९मध्ये नोड आल्यावर सर्व्हरवरही जावास्क्रिप्ट सर्रास चालू लागली आणि नियम एकदाच लिहून भागू लागलं. तरी तो चालवावा लागतो दोनदाच. शिवाय सर्व्हरवरची तपासणी आंधळी असून चालत नाही. डेटाबेसची क्वेरी फोडणारं एकेरी अवतरणचिन्ह रोमन लिपीतल्या डिसोझा या गोव्याच्या आडनावात हक्कानं बसलेलं असतं. ते नाकारणारा फॉर्म खऱ्या माणसाचं खरं नाव चुकीचं ठरवतो. तिथं नाव जसंच्या तसं घ्यावं आणि क्वेरीत न मिसळता डेटाबेसकडे वेगळं पाठवावं.