आरोग्यदूत

आरोग्यदूत म्हणजे वैद्यकीय पदवी नसलेली, परंतु ठरावीक आजार ओळखून त्यांवर गावातच प्राथमिक उपचार करण्याचे प्रशिक्षण घेतलेली स्थानिक व्यक्ती होय. महाराष्ट्रात ही संज्ञा मुख्यतः गडचिरोली जिल्ह्यातील ‘सर्च’ या संस्थेने तयार केलेल्या ग्रामीण महिला आरोग्यसेविकांसाठी वापरली जाते. अल्पशिक्षित स्त्रिया योग्य प्रशिक्षण व नियमित देखरेख मिळाल्यास नवजात बालकांचे प्राण वाचवू शकतात, हे या संस्थेच्या क्षेत्रीय अभ्यासातून दिसून आले. भारतातील ‘आशा’ कार्यकर्तींच्या नवजात बालसेवेचा पाया या अभ्यासात आहे.

पार्श्वभूमी

डॉक्टर व रुग्णालय दूर असलेल्या गावांत गावातीलच व्यक्तीला उपचार शिकवण्याचा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयोग डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सुरू केला. तेथील ग्राम आरोग्यसेविकांपैकी अनेक जणी निरक्षर व दलित समाजातील होत्या. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालमृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा असल्याचे आढळल्यावर संस्थेने गावातील आरोग्यसेवक व पारंपरिक दाया यांना या आजाराचे निदान व उपचार शिकवले. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, उपचार उपलब्ध असलेल्या गावांत न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

श्वासमापक

बालकाचा श्वास जलद चालणे हे न्यूमोनियाचे प्रमुख लक्षण आहे. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६० किंवा अधिक, तर दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बालकात ५० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे मानले जातात. मात्र अनेक दायांना इतक्या मोठ्या संख्येपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया समजायचा, अशी त्याची पद्धत होती. त्यामुळे दायांना दहापर्यंत मोजता येणे पुरेसे ठरले.

नवजात बालसेवेचे प्रशिक्षण

१९९३ साली संस्थेने ३९ गावांत ‘घरोघरी नवजात बालसेवा’ हा अभ्यास सुरू केला. तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्थानिक स्त्रियांची आरोग्यदूत म्हणून निवड झाली. त्यांना सर्व कौशल्ये एकदम न शिकवता टप्प्याटप्प्याने शिकवण्यात आली. सुरुवातीला गरोदर स्त्रियांची नोंद, प्रसूतीच्या वेळी उपस्थिती, बाळाचे वजन व तापमान घेणे आणि निरीक्षणे लिहून ठेवणे, एवढेच काम होते. १९९५ पासून स्तनपान, बाळाला ऊब देणे व कमी वजनाच्या बाळाची काळजी यांची भर पडली. जंतुदोषावरील उपचार त्यानंतरच्या वर्षी सुरू झाले.

या प्रशिक्षणातील प्रमुख कौशल्ये पुढीलप्रमाणे होती:

- जन्मतः न रडणाऱ्या किंवा श्वास न घेणाऱ्या बाळाला कृत्रिम श्वास देणे. यासाठी प्रथम तोंडाने, नंतर नळी व मुखवटा आणि पुढे पिशवी व मुखवटा यांचा वापर शिकवण्यात आला.
- जंतुदोष ओळखणे. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे कमी होणे, बाळ मलूल पडणे, अंग गार किंवा गरम लागणे, बेंबीत पू होणे अशा लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी आढळल्यास जंतुदोष समजला जाई.
- जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे प्रतिजैविक योग्य मात्रेत देणे.
- आईला व घरातील इतरांना बाळाची काळजी समजावून सांगणे.

प्रशिक्षणानंतरही आरोग्यदूतांच्या कामाची व नोंदींची गावात जाऊन नियमित तपासणी होत असे.

निष्कर्ष

या अभ्यासाचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सेवा मिळालेल्या गावांत नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आला. तुलनेच्या गावांतील बदल लक्षात घेता ही घट ६२ टक्के ठरली. दर १८ बालकांना दिलेल्या सेवेमागे एक मृत्यू टळला, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला.

आक्षेप

डॉक्टर किंवा परिचारिका नसलेल्या व्यक्तीने नवजात बालकाला इंजेक्शन देणे हा या पद्धतीतील सर्वाधिक वादाचा भाग ठरला. चुकीची मात्रा, अनावश्यक प्रतिजैविके आणि अपुरी निर्जंतुकता हे त्यामागील मुख्य धोके होत. अभ्यासात आजारी बालकाला प्रथम रुग्णालयात नेण्याचा सल्ला दिला जाई आणि पालकांनी तो नाकारल्यास त्यांच्या संमतीने घरी उपचार केले जात. राष्ट्रीय कार्यक्रमात ‘आशा’ कार्यकर्तीला इंजेक्शन देण्याचे काम देण्यात आले नाही. २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रुग्णालयात नेणे शक्य नसल्यास विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा सहायक परिचारिका प्रसाविका (एएनएम) यांना मिळाली.

विस्तार

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ हे पद निर्माण झाले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकाच्या घरी भेटी देण्याची संयुक्त शिफारस केली. २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेच्या मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांनुसार रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी दिल्या जातात. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची भेट धरून त्या सात होतात. यासाठीचे प्रशिक्षण प्रत्येकी पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत दिले जाते. तापमापक, वजनकाटा व श्वास मोजण्यासाठी घड्याळ हे आशांच्या संचातील मुख्य साहित्य आहे.

जव्हार व मोखाडा

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंमुळे हा भाग राज्यभर चर्चेत आला. १९९५ पासून राज्य शासन आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना राबवत आहे.

मोखाडा तालुक्यातील पोशेरा व इतर गावांच्या या डोंगराळ पट्ट्यात वस्ती विखुरलेल्या पाड्यांत आहे. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आला की काही पाड्यांचा संपर्क तुटतो. पावसाळा संपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांसाठी स्थलांतर करतात. स्थलांतरित कुटुंबातील नवजात बाळ ठरलेल्या भेटींच्या दिवशी आशा कार्यकर्तीच्या क्षेत्रात नसल्यास त्या भेटी चुकण्याचा संभव असतो. हजार लोकसंख्येमागे एक आशा असा सर्वसाधारण निकष असून आदिवासी व डोंगराळ भागांत तो शिथिल करून वस्तीनिहाय आशा नेमण्याची तरतूद आहे.

हेही पाहा

- अभय बंग
- राणी बंग
- रजनीकांत आरोळे
- आशा कार्यकर्ती
- मोखाडा तालुका
- पोशेरा