जित्याची खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं आपण म्हणतो. लिहिणाऱ्यालाही खोडी असतात. माझी खोड मला पहिल्यांदा दाखवली ती माझ्या अम्मानं.

मी बी.ए. होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. अब्बा गेले आणि मी त्यांच्यावर कविता लिहिली. वसईच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून ती अम्माला वाचून दाखवली. तीत ‘पितृछाया’ होती, ‘अश्रुधारा’ होत्या, ‘महानिर्वाण’ही होतं. अम्मानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “कुणाच्या बापावर लिहिलंस रे हे?”

तेव्हा मला राग आला होता. आज कारण कळतं. माझं नाव मुसलमानी आणि लिहिणं मराठी. भेटेल तो म्हणायचा, ‘तुम्ही मराठी छान बोलता हो!’ ते कौतुक मला परीक्षेसारखं वाटे. मग मी पेपर असा सोडवायचो, की कुणाला एक मार्क कापता येऊ नये. त्या नादात घरातला एकेक शब्द मी कवितेबाहेर काढला होता. अब्बासुद्धा त्यातूनच बाहेर गेले.

पुढे गझलेच्या मैफलींना जाऊ लागलो आणि दुसरी खोड लागली. तिथं लोकांना माझ्याकडून उर्दूच हवी असे. मीही ‘साकी’, ‘जाम’, ‘जुल्फ’ वाटत सुटलो. स्टेशनबाहेर उभं राहून कटिंग पिणारा माणूस मी, जामाला कधी हात लावलेला नाही! टाळ्या मात्र भरपूर मिळाल्या.

अशा वेळी वाचनालयात मला माधव जूलियन भेटले. माधव त्रिंबक पटवर्धन हे त्यांचं खरं नाव. जन्म १८९४चा, बडोद्याचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते फारसी शिकवत. १९२५ साली त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. मराठीत गझल रुजवण्याचं मोठं श्रेय त्यांचंच. ‘गज्जलांजली’ हा संग्रह १९३३चा. साहजिकच त्यांच्या सुरुवातीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती.

मग वारं उलटं फिरलं. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली आणि फारसीचे हे प्राध्यापक तिचे कट्टर पुरस्कर्ते झाले. नुसती भाषणं देऊन ते थांबले नाहीत. आपल्याच जुन्या कवितांतले फारसी शब्द वेचून काढून त्यांनी तिथं दुसरे शब्द बसवले. १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षी ‘छंदोरचना’ या ग्रंथासाठी त्यांना मुंबई विद्यापीठाची डी.लिट. मिळाली. पुढच्याच वर्षी, पंचेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. आज आपण त्यांना ओळखतो ते मात्र ‘जूलियन’ या परक्या नावानं.

हे सारं वाचताना आधी मला वाईट वाटलं. बाहेर काढलेल्या त्या शब्दांत आपल्याही घरचे शब्द आहेत, असं वाटलं. मग लक्षात आलं, की हा माणूस माझ्याच वाटेनं, फक्त उलट्या दिशेनं चालला आहे. छापून झालेल्या स्वतःच्या ओळीवर पेन्सिल चालवायला धैर्य लागतं. त्या धैर्याला माझा सलाम आहे. पण त्यांनी प्रत्येक शब्दाला त्याचं गाव विचारलं. मीही तेच करत होतो. तो शब्द तिथं काय काम करतो, हे विचारायचं दोघांकडूनही राहून गेलं.

भाषा स्वतः मात्र हे काम सावकाश करत असते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले होते. १६२८च्या पत्रात शेकडा पंचाऐंशी शब्द फारसी निघाले, तर १७२८च्या पत्रात शेकडा सहा. मधल्या काळात शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला होता. दरबारी थाटाचे बरेच शब्द गेले आणि रोजच्या गरजेचे राहिले. भाषाशुद्धीवर लेख लिहायचा तरी ‘कागद’ आणि ‘शाई’ लागतेच, आणि हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. आमच्या वसईत १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पण ‘चावी’, ‘पगार’, ‘पाव’ हे शब्द कुणी पोर्तुगीजांना परत केले नाहीत.

परीक्षेची ही भीती एकट्या मुसलमानाचीही नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. त्यांनी बायबल मराठीत आणलं आणि नाव ठेवलं ‘सुबोध बायबल’. समोरच्याला कळावं, एवढीच त्या नावाची इच्छा. २०२४ साली फादर गेले. मराठीत आपण कुणाला काय सिद्ध करून दाखवायचं, असा प्रश्न मनात आला की मला त्यांचं ते नाव आठवतं.

अब्बांवरची ती कविता मी वीस वर्षांनी पुन्हा लिहिली. आता तिच्यात केळीची वाडी आहे, सुकेळी आहेत, दाराच्या खिळ्यावर टांगलेली त्यांची चावी आहे. ‘दुआ’ आहे, कारण ते रोज ती मागत. ‘देवमाणूस’ही आहे, कारण शेजारीपाजारी त्यांना तसं म्हणत. ऐकायला अम्मा मात्र उरली नव्हती.

खोड गेली, असं मी म्हणणार नाही. हे भाषण आज सकाळी मी मोठ्यानं वाचून पाहिलं, तेव्हा तीन शब्द खोडावे लागले. एक संस्कृत होता, दोन उर्दू.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)