वनहक्काची मुदत संपली, असं कोण म्हणतं?

पालघरच्या कचेऱ्यांत, बोईसरच्या नाक्यावर, जमिनीच्या दलालांच्या बैठकीत एक वाक्य कायदा म्हणूनच ऐकवलं जातं: ‘वनपट्ट्यांची मुदत 2005 सालीच संपली, आता दावा लावतो तो अतिक्रमणवाला.’ शिकलेसवरलेलेही मान डोलावतात. या मताचा दोष असा की वेगवेगळ्या कामांसाठी ठरलेल्या तारखा त्यात एकाच माळेत ओवल्या आहेत.

13 डिसेंबर 2005 ही तारीख खरी. पण ती कब्जाची आहे, अर्जाची नाही. त्या दिवसापूर्वीपासून आदिवासी कुटुंब ती वनजमीन कसत होतं का, एवढंच ती विचारते. (बिगरआदिवासींना त्याशिवाय तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं.) वनहक्क कायदा 2006 चा, अंमल 31 डिसेंबर 2007 पासून, नियम 1 जानेवारी 2008 चे. अर्जाची मुदत 2005 ला संपली असेल, तर कायदा जन्मण्याआधीच त्याखालचे अर्ज बंद झाले होते असं म्हणावं लागेल.

मग दावे लावण्याच्या तीन महिन्यांच्या मुदतीचं काय? तेही नियमांत आहे. ग्रामसभेनं दावे मागवले की तिथून तीन महिने. पण त्याच नियमात पुढं असंही लिहिलं आहे की, गरज वाटल्यास कारण लेखी नोंदवून ग्रामसभा ही मुदत वाढवू शकते. वाढवायची की नाही हे ठरवणार ग्रामसभा. वनक्षेत्रपाल नाही, तहसीलदारही नाही. सगळे दावे अमुक दिवशी कायमचे बंद, अशी तारीख अख्ख्या कायद्यात नाही.

यावर जाणकार आक्षेप घेतात: दार असं उघडं ठेवलं तर कालपरवा कुऱ्हाड चालवलेलाही आत येईल. आक्षेप पोकळ नाही. तारापूर एमआयडीसीपासून चिल्हार फाट्यापर्यंत जमिनीचे भाव पाहिले की ही भीती कळते. पण चाळणी अर्जाच्या तारखेची नसून कब्जाच्या पुराव्याची आहे. दावेदाराशिवाय इतर म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, बांध, घर, विहीर, जागेवरची पाहणी, जोडीला उपग्रहाचं चित्र. वनखात्यानं कधीकाळी ‘अतिक्रमण’ म्हणून फाडलेली दंडाची पावतीही दाव्याला जोडली जाते; गुन्ह्याचा कागद इथं कब्जाचा पुरावा ठरतो. 2012 मध्ये जंगल तोडून जमीन काढलेल्याला यांतलं काय मिळणार?

खरी काटेकोर मुदत आहे ती दाद मागण्याची. ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे 60 दिवसांत, तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे पुन्हा 60 दिवसांत. कायदा हे दिवस ठरावाच्या, निर्णयाच्या तारखेपासून मोजतो. 2012 चे सुधारित नियम मात्र सांगतात की, निर्णय दावेदाराला प्रत्यक्ष कळवा, म्हणजे त्याला दाद मागता येईल. समिती आणखी 30 दिवसही देऊ शकते. नकाराचा कागद कचेरीत पडून राहिला आणि पाड्यावर तिसऱ्या महिन्यात पोचला, तर मुदत चुकवली कोणी? समित्यांनी दावा किती दिवसांत निकाली काढावा, याचं बंधन मात्र कायदा घालत नाही. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून शेतकरी चालत मुंबईला गेले, तेव्हा सरकारला दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचं आश्वासन द्यावं लागलं.

अमेरिकेतल्या आश्रयाच्या अर्जांशी तुलना उद्‌बोधक आहे. तिथं देशात पोचल्यापासून वर्षभरात अर्ज करायचा, आणि कामाच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षं 180 दिवसांची मोजणी चालत आली. अर्जदारानं स्वतः तारीख पुढं ढकलली की मोजणी थांबते. पद्धत कडक आहे, पण उशीर कोणाच्या खात्यावर जातो याचा तिथं हिशेब असतो. आपल्याकडे उशीर कचेरीचा आणि ‘मुदत संपली’ हा शेरा दावेदाराला.

‘प्रलंबित दावा म्हणजे काहीच नाही’ हाही असाच एक समज. कलम 4(5) म्हणतं की, पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणाही वननिवासीला कब्जातून हटवता येणार नाही. निकाल लागेपर्यंत उठवणं थांबलेलं असतं, आणि ही मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं 13 फेब्रुवारी 2019 रोजी दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. फेटाळताना रीत पाळली गेली का, हा प्रश्न पुढं येताच 28 फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती दिली.

आमच्या तालुक्यात आणखी एक गुंता आहे. पालघर तालुक्यातली 144 गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, बाकीची नाहीत. वनहक्क कायदा दोन्हीकडे लागू आहे. पण 2020 मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपिलाची जी वाट उघडली, ती फक्त अनुसूचित क्षेत्रासाठी. शिवेपलीकडच्या दावेदाराला जिल्हा समितीचा शब्द अखेरचा.

तेव्हा दावा नाकारला असं कोणी तोंडी सांगितलं, तर लेखी, कारणांसह निर्णय मागा. तो कारणांसह देणं समितीवर बंधनकारक आहे. कागद हातात पडला त्या दिवसाची तारीख त्यावर लिहून सही घ्या, आणि त्याच आठवड्यात दाद मागणारा अर्ज दाखल करून पोच घ्या.