आकाशातील ऊ

वाङ्मयाच्या इतिहासात कृतिपुस्तकांची दखल सहसा कोणी घेत नाही. पाककृती, शिवणकाम, बागकाम यांच्या पुस्तकांना ग्रंथालयातही मागची फळी मिळते. तथापि विसाव्या शतकातील एका कृतिपुस्तकाने आपल्या वाचकांना जे करावयास लावले, ते फार थोड्या कादंबऱ्यांना साधले असेल. १९३४ साली फ्रान्समध्ये आँरी मिन्ये याचे 'ल स्पॉर द लेर' हे पुस्तक निघाले. सामान्य माणसाने स्वतःच्या हाताने विमान बांधावे आणि स्वतःच ते उडवावे, हा त्याचा विषय. शेकडो वाचकांनी ते वाचून खरोखरच लाकूड कापावयास घेतले. त्यांतील काहींचा जीव गेला. नवख्याला धीर देणाऱ्या लेखकाची जबाबदारी कोठवर, हा प्रश्न आम्हांस या इतिहासाकडे ओढून घेऊन गेला.

मिन्ये १८९३ सालचा. व्यवसायाने वैमानिक नव्हे, तर रेडिओच्या तंत्रात रमलेला हौशी गृहस्थ. रूढ विमानात हातापायांच्या ज्या हालचाली एकाच वेळी साधाव्या लागतात, त्या त्याला जमेनात. अशा वेळी सामान्य माणूस स्वतःला दोष देतो. मिन्येने विमानाला दिला. त्याच्या 'एचएम-१४' या विमानात पायांसाठी काहीच ठेवलेले नव्हते. एकच दांडा : मागेपुढे केला की पुढचा पंख कलतो, डावीउजवीकडे केला की सुकाणू वळते. पुढे एक पंख, त्याच्या मागे लगेच दुसरा, विस्तार जेमतेम ६ मीटर आणि मोटारसायकलच्या जातीचे १७ अश्वशक्तीचे इंजिन. १० सप्टेंबर १९३३ रोजी हे विमान उडाले. फोर्डच्या स्वस्त मोटारीला फ्रेंच लोक 'रस्त्यावरची ऊ' म्हणत. त्याच चालीवर हे विमान 'आकाशातील ऊ' ठरले.

आता पुस्तकाविषयी. ज्याला लाकडी खोके ठोकता येते त्याला विमानही बांधता येईल, असा मिन्येचा दावा होता. चित्रे त्याने स्वतःच काढलेली. भाषा गप्पिष्ट, थट्टेखोर, आणि विद्वान अभियंते व सरकारी खाती यांच्याविषयी उघड अविश्वासाची. वाचकाशी तो शेजारच्या बाकावर बसलेल्या सोबत्यासारखा बोलतो, आणि येथेच त्याचे खरे सामर्थ्य आहे. पुस्तक सांधे आणि खिळे यांपाशी थांबत नाही. उड्डाण कसे शिकावे हेही सांगते. आधी जमिनीवर धावणे, मग लहान उड्या, मग वर.

१९३५ साली एअर लीग या ब्रिटिश संस्थेने इंग्रजी भाषांतर छापले आणि ६००० प्रतींची पहिली आवृत्ती काही आठवड्यांत संपली. भाषांतरात 'ऊ'ची 'उडती पिसू' झाली. अभ्यासकांनी या बदलाकडे जरा पाहावे : ऊ चिकटून बसते, पिसू उडी मारते, म्हणजे मूळ नावातील विनोद गेला, पण वस्तुस्थिती अधिक जवळ आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिन्ये आपल्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. याहून मोठी जाहिरात कोणती असणार?

१९३६ मध्ये अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. त्यांत एक विलक्षण साम्य होते. विमान नाक खाली करी आणि पुन्हा वर येत नसे. फ्रान्समधील शाले-म्यूदों आणि इंग्लंडमधील फार्नबरो येथील वातबोगद्यांत पूर्ण आकाराची विमाने तपासली गेली, तेव्हा उलगडा झाला. पुढच्या व मागच्या पंखांमधील फट अपुरी होती. नाक सुमारे १५ अंशांहून अधिक खाली गेल्यावर घाबरलेला चालक दांडा मागे ओढी. त्यासरशी पुढच्या पंखाखालून हवेचा झोत मागच्या पंखावर जाई, त्याची उचल वाढे, शेपूट वर राही आणि नाक खालीच. जी कृती सहजप्रवृत्तीने सुचते तीच घातक ठरत होती. पट्टीच्या वैमानिकालाही तेथून सुटणे कठीण, मग नवख्याची काय कथा!

मिन्येला लबाड म्हणता येणार नाही. त्याने वाचकाला ज्यात बसावयास सांगितले त्यात तो स्वतः आधी बसला होता. तरीही त्याला पूर्णपणे सोडून देणे आम्हांस जमत नाही. ज्या अभियंत्यांची त्याने पानोपानी टर उडवली, वातबोगदा त्यांच्याच हाती होता. वाचकाच्या मनातील भीती घालवताना त्याने शंकाही घालवली. आणि बांधणे व उडवणे या दोन भिन्न विद्या आहेत. आपण घडवलेल्या वस्तूवरील माया परीक्षकाच्या कामाची नसते, हे त्याच्या आनंदी गद्यात कोठेतरी हरवले.

पुढील काळाने उत्तेजन थांबवले नाही, त्याची रीत बदलली. १९५३ साली अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी यांनी स्थापन केलेल्या हौशी विमानकारांच्या संघटनेत, बांधणी चालू असताना येऊन काम तपासणारे आणि पहिल्या उड्डाणाआधी चालकाच्या तयारीविषयी स्पष्ट बोलणारे स्वयंसेवक असतात. अशा विमानाची सुरुवातीची परीक्षण-उड्डाणे एकट्यानेच करावीत, असा तेथील नियम होता. २०१४ पासून ठरावीक अटींवर एक अनुभवी वैमानिक सोबत घेण्याची मुभा मिळाली. धीराच्या शब्दांऐवजी शेजारच्या आसनावर एक माणूस!

आमच्याकडे कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव हे मुळातच व्यावसायिक वैमानिक. त्यांच्यापुढे उडवता येण्याचा प्रश्न नव्हता, परवानगीचा होता; ती २०१९ मध्ये मिळाली. मिन्येचा वाचक याच्या नेमका उलट टोकाला उभा होता.

मिन्येने पंखांतील अंतराची चूक दुरुस्त केली, परंतु इंग्लंडमधील लाट तोवर ओसरली होती. १९६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो याच धर्तीची विमाने रेखाटत राहिला, आणि त्याच्या सुधारित आराखड्यांवरून बांधलेली विमाने पुढेही उडत राहिली.