वजाबाकीतून आलेला एलडीएल

लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टवर एलडीएलचा आकडा एकूण कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड यांच्याच रांगेत छापलेला असतो. तोही रक्तातून तसाच मोजला असेल, असे वाचणारा गृहीत धरतो. पुष्कळ लॅबमध्ये मात्र हा आकडा मोजत नाहीत, गणिताने काढतात. हे गणित आले कुठून, हे समजले तर रिपोर्ट अधिक जाणतेपणाने वाचता येतो.

1913 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह आणि सेम्योन खालातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले. सशांच्या धमन्यांत माणसांत दिसतात तसेच चरबीचे थर जमले. उंदरांत तसे घडेना. मुळात गवत खाणाऱ्या सशावरून माणसाबद्दल काय ठरवायचे, या आक्षेपामुळे हे काम बरीच वर्षे मागे पडले.

पुढचे पाऊल बर्कलीच्या डॉनर प्रयोगशाळेत पडले. जॉन गॉफमन हे डॉक्टर आणि रसायनशास्त्रज्ञही. युद्धकाळात त्यांनी प्लुटोनियमवर काम केले होते. त्यांच्या हाती मिनिटाला 50 हजारांहून अधिक फेरे घेणारे अल्ट्रासेंट्रिफ्यूज होते. रक्तद्रवात मीठ घालून त्यांनी त्याची घनता वाढवली. त्यामुळे यंत्र फिरताना इतर प्रथिने खाली बसली आणि चरबी वाहणारे कण वर तरंगले, तेही वेगवेगळ्या गतीने. रक्तातले कोलेस्टेरॉल एकाच प्रकारच्या कणांत नसते, एलडीएल, एचडीएल, व्हीएलडीएल अशा वेगवेगळ्या कणांत वाटलेले असते, हे त्यातून स्पष्ट झाले. 1950 साली ‘सायन्स’मध्ये गॉफमन यांनी मांडले की हृदयविकाराशी नाते आहे ते यांतल्या ठरावीक कणांचे.

हे पटायला वेळ लागला. चार प्रयोगशाळांनी मिळून सुमारे 5 हजार पुरुषांची तपासणी केली आणि 1956 मध्ये निष्कर्ष आला: एवढ्या महागड्या यंत्राने जे कळते, ते साध्या एकूण कोलेस्टेरॉलवरूनही जवळपास तेवढेच कळते. गॉफमन यांच्या गटाने आपले वेगळे मत नोंदवले. कणांचे वेगळेपण महत्त्वाचे हे त्यांचे म्हणणे पुढे खरे ठरले. पण असे यंत्र गावोगावच्या लॅबमध्ये ठेवणे अशक्य, ही अडचणही तितकीच खरी होती.

ती सोडवली 1972 साली अमेरिकेतल्या विल्यम फ्रीडवाल्ड, रॉबर्ट लेव्ही आणि डोनाल्ड फ्रेड्रिकसन यांनी. 448 जणांच्या नमुन्यांवरून त्यांनी दाखवले की उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात व्हीएलडीएलमधले कोलेस्टेरॉल ट्रायग्लिसराइडच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके भरते. मग राहते ती वजाबाकी. एकूण कोलेस्टेरॉल 210, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 150 असेल तर 150 चा पाचवा हिस्सा 30. 210 मधून 40 आणि 30 वजा केले की एलडीएल 140. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड 250 झाले आणि बाकीचे आकडे तेच राहिले, तर हेच गणित 120 दाखवते. जेवणातली चरबी वाहणाऱ्या कणांत कोलेस्टेरॉल फार थोडे असते, म्हणून पाचव्या हिश्श्याचा हिशेब तिथे चुकतो. सकाळी चहासुद्धा न घेता लॅबमध्ये बोलावण्याचे एक मोठे कारण हेच. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले तर हे सूत्र वापरू नये, हेही कर्त्यांनीच सांगून ठेवले होते.

दरम्यान डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी काही कुटुंबांत लहान मुलांनाही हृदयविकाराचा झटका का येतो, याचे मूळ शोधले: एलडीएल आत ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) त्या मुलांच्या पेशींवर नसतात किंवा नीट चालत नाहीत. 1985 चे नोबेल त्यांना मिळाले. 1994 साली स्कँडिनेव्हियातल्या 4,444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनने एलडीएल सुमारे 35 टक्क्यांनी उतरले आणि मृत्यू 30 टक्क्यांनी घटले. एलडीएल हे केवळ धोक्याचे लक्षण नसून कारण आहे, याबद्दलची शंका त्यानंतर फारशी उरली नाही. तरीही 140 हा आकडा सर्वांना सारखा नसतो. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि घराण्यातला इतिहास धरूनच डॉक्टर धोका ठरवतात.

औषधांनी एलडीएल 70 च्या खाली येऊ लागले तसे जुन्या वजाबाकीचे दोष उघडे पडले. ट्रायग्लिसराइड जास्त असताना ती एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दाखवते, आणि ज्याला औषध वाढवायला हवे त्याचाच रिपोर्ट समाधानकारक दिसतो. 2013 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या सेथ मार्टिन आणि सहकाऱ्यांनी 13 लाखांहून अधिक जणांचे नमुने तपासून सरसकट 5 ने भागणे सोडले. भाजक प्रत्येकाच्या आकड्यांप्रमाणे निवडता यावा म्हणून 180 घरांचा तक्ता तयार केला. यंत्रावर थेट मोजलेला ‘डायरेक्ट एलडीएल’ही आज मिळतो. ट्रायग्लिसराइड चढे असेल तर आकडा मोजला की काढला, आणि काढला तर कोणत्या सूत्राने, हे लॅबला विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.